टाकीत कोणी काय ओतलं

अर्धा चढ चढून झाला आणि काटा लाल पट्ट्यात गेला. वळणावर बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली तशी तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसती बसून राहिली. या महिन्यातली ही तिसरी वेळ.

ती घरोघर जाऊन आजाऱ्यांकडून व्यायाम करून घ्यायची. कुणाचे गुडघे बदललेले, कुणाचं अर्धं अंग लुळं पडलेलं. असे सहा-सात पेशंट रोज घड्याळाकडे बघत तिची वाट पाहायचे. गाडी बावीस वर्षांची, सासऱ्यांच्या हातची. नजर कमी झाली तेव्हा त्यांनी किल्ली सुनेच्या हातात दिली, पण गाडी काही दिली नाही. म्हणजे चालवायची हिने आणि काळजी करायची सगळ्या घराने.

एक गृहस्थ चालता चालता थांबले. वाफेकडे जरा वेळ बघून म्हणाले, "झाकण उघडा. वाफ मोकळी होऊ द्या."

"आत उकळतंय. तोंडावर येईल."

"मग थोडंसंच उघडा."

ती खिडकीची काच वर करून पेशंटला, मग मिस्त्रीला फोन लावायला लागली. गृहस्थांनी बाहेरून आणखी काहीतरी सुचवलं, ते तिने ऐकलं नाही.

मिस्त्री दोर घेऊन आला आणि गाडी ओढून गॅरेजात नेली. तो गेली दहा वर्षं हीच गाडी बघत होता. बोलायला कमी आणि हाताला सावकाश. इंजिन पुरतं थंड होईपर्यंत त्याने दुसऱ्या दोन गाड्या उरकल्या. मग जाड फडकं धरून रेडिएटरचं झाकण काढलं, आत बोट बुडवलं आणि ते तिच्यासमोर धरलं. बोटाला तपकिरी, बुळबुळीत लगदा चिकटला होता. आठवडाभर भिजत पडलेला साबण दिसावा तसा.

"ताई, हे काय आहे?"

"ते तुम्ही मला सांगायचं ना."

"मी घातलं ते हिरवं कूलंट होतं. यात लाल दिसतंय, आणि झाकणाला हा पांढरा थर बसलाय तो नळाच्या पाण्याचा. वेगवेगळी कूलंटं एकत्र आली की कधी कधी असा लगदा होतो. अशाने नळ्या तुंबतात." त्याने बोट फडक्याला पुसलं. "घरी विचारून या, यात कोण कोण काय ओततं."

"कोण ओतणार? गाडीला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही."

मिस्त्रीने झाकण परत बसवलं. दहा वर्षांत त्याने तिच्या घरचे सगळे पाहिले होते.

रात्री जेवताना तिने विषय काढला. आवाज शांत ठेवायचा असं ठरवून बसली होती, पण पहिला घास घेण्याआधीच सासऱ्यांनी मान डोलावली.

"पाणी ना? ते मी घालतो. रोज सकाळी तू अंघोळीला गेलीस की."

"रोज?"

"कमी दिसलं तर. तीस वर्षं बस चालवली पोरी, पाण्यावर. डब्यात पाणी भरून सीटखाली ठेवायचं आणि थांब्यावर ओतायचं. तेव्हा कुठे होते हे रंगीत लाड?"

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो ताटात भाताचे छोटे छोटे ढीग करत होता.

"मी फक्त हिरवं घातलं," तो म्हणाला. "आधीचं हिरवं होतं म्हणून. तीन-चार वेळा."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस की मी तुझ्या चुका काढतो."

आणि ती खरंच तसं म्हणाली असती, त्यामुळे तिचा आणखीच जळफळाट झाला. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा दीर वर आला आणि दारातच त्याने तोंड उघडलं. "वहिनी, लालवालं मी घातलंय. चांगलं महागाचं. बाटलीवर पाच वर्षं टिकतं असं लिहिलंय. म्हटलं, वहिनींची दगदग वाचेल."

तिने कपाळाला हात लावला. एक ना धड, भाराभर चिंध्या. आणि भांडायचं तरी कुणाशी? तिघांनीही केलं ते तिच्याच भल्यासाठी. जो तो चोरून चांगुलपणा करत होता, आणि चढावर उभी राहत होती ती.

दुसऱ्या दिवशी तिने मिस्त्रीला सगळं सांगितलं. त्याने बोटांवर काहीतरी हिशेब केला.

"म्हणजे महिन्याला दोन-अडीच लिटर. ताई, हे सगळं बंद असतं, बाहेर जायला वाट नाही. वर्षभरात घोटभर कमी झालं तर झालं. एवढं जातं कुठे, असं कोणालाच वाटलं नाही?"

त्याने तिला वाकायला सांगून खाली बॅटरी मारली. पाण्याच्या पंपाखाली पांढरट-गुलाबी खपली धरली होती, मेणबत्ती ओघळून सुकावी तशी.

"पंप गळतोय. निदान सहा महिने. टाकी रिकामी दिसली असती तर तुम्ही पहिल्याच आठवड्यात आला असता. पण तिघांनी मिळून ती भरलेली ठेवली." मग तो सहज म्हणाला, "आणि तुम्ही काय ओतलं?"

"मी? मी काहीच..." ती थांबली. दोनदा, घाईत, पिण्याच्या बाटलीतलं उरलेलं पाणी. एकदा पेट्रोल भरताना आणि एकदा कुठे ते आठवेना. दोन्ही वेळा मनात म्हटलं होतं, रविवारी नीट बघू.

"चौघांनी," मिस्त्री म्हणाला आणि हात धुवायला गेला.

आता कुठलं कूलंट घालायचं यावर घरात पुन्हा बारा तोंडं. दिराला लालच हवं होतं. मिस्त्री म्हणाला होता, रंगावर जाऊ नका, रंग काय, बनवणारा आपल्या मर्जीने घालतो. गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा. पुस्तक सासऱ्यांच्या कपाटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं निघालं, एकही पान न दुमडलेलं. त्यांनी भिंग धरून ते पान स्वतः वाचलं. अमुक एका प्रकारचं कूलंट, शुद्ध पाण्यात निम्मं निम्मं, दर दोन वर्षांनी पूर्ण बदलणे. साधे पाणी वापरू नये. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"बसचं पुस्तक आम्हाला कधी कोणी दाखवलं नाही," ते म्हणाले आणि पुस्तक तिच्याकडे दिलं.

गॅरेजात पाच दिवस गेले. नवा पंप, नवा थर्मोस्टॅट, फुगलेला एक पाइप आणि झाकण. डिस्टिल्ड वॉटरने मिस्त्रीने आतलं चार वेळा धुतलं. तिसऱ्या वेळीसुद्धा चहासारखं पाणी निघालं. ते पाच दिवस ती वजनं आणि रबरी पट्टे भरलेली पिशवी खांद्याला लावून बसने हिंडली. दुसऱ्यांच्या पाठी सरळ करणारीची स्वतःची पाठ धरली. घरी कोणी "फार त्रास होतोय का गं" असं विचारलं की ती दिवा घालवून पडून राहायची.

गाडी परत आली त्या संध्याकाळी तिने बॉनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला. कूलंटचा प्रकार, घातल्याची तारीख, आणि खाली ठळक अक्षरात: ओतू नये. कमी दिसल्यास मला सांगावे. मग तिघांना उभं करून वाचून दाखवला. दीर म्हणाला, "वहिनी, आम्ही काय लहान आहोत का?"

महिना झाला. थेंबही कमी झालेला नाही. हे तिला पक्कं ठाऊक आहे, कारण सकाळी सासरे बॉनेट उघडून, हात पाठीमागे बांधून टाकीपाशी उभे राहतात आणि आत येऊन सांगतात, "रेषेवर आहे." डबा भरताना नवरा म्हणतो, "पाहिलं मी, ठीक आहे." आणि ती पेशंटच्या घरी पोचते न पोचते तोच दिराचा फोटो येतो, जिन्याच्या खिडकीतून काढलेला, ज्यात गाडी रात्रभर उभी होती तिथली फरशी कोरडी दिसते.

काल तिने सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, रोज नका ना सांगू. कमी झालं तरच सांगा."

"बरं," ते म्हणाले.

आज ते काही बोललेच नाहीत. चपला घालून ती दारापर्यंत गेली, थांबली, परत वळली. "बाबा, कमी झालंय का?"

"नाही. रेषेवर आहे."

"मग सांगायचं ना," असं म्हणून तिने किल्ली उचलली आणि जिना उतरली.