जनीची चाल

शैलेशच्या घरी सकाळचा चहा बायबलच्या वाचनानंतरच मिळे. हा नियम त्याच्या वडिलांचा, दाजीमास्तरांचा. मास्तर उरणला शाळेत शिकवायचे आणि रोज सकाळी एक अध्याय असा खणखणीत वाचायचे की शेजारपाजारही ऐके. त्यांच्यामागे ते काम शैलेशकडे आलं. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात बत्तीस वर्षं नोकरी झाली, नवीन पनवेलला घर झालं, मुलगी अंकिता लग्न होऊन खांदा कॉलनीत गेली, पण वाचन कधी चुकलं नाही. रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबलमधला उतारा वाचायचा शास्त्रपाठही त्याच्याकडेच असे.

आपल्या स्वच्छ उच्चारांचा त्याला अभिमान होता, आणि त्या अभिमानाला धारही होती. बायको वेणू उरणकडच्या खेड्यातली, चौथी शिकलेली. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने एकदा वाचायला घेतलं तर ‘आम्ही’चं ‘आमी’ झालं, आणि ‘हृदय’पाशी तर ती अडूनच बसली. शैलेशने तीनदा टोकलं. वेणूने पुस्तक मुकाट्याने त्याच्या हातात दिलं आणि पुढची पस्तीस वर्षं नुसतं ऐकलं.

या फेब्रुवारीत एका सकाळी शैलेश पुस्तक उघडून बसला आणि त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. उजवा हात मांडीवरून घसरला. वेणूने शेजाऱ्यांना हाक मारली, रिक्षा बोलावली आणि अर्ध्या तासात त्याला दवाखान्यात पोचवलं. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. वेळेवर आणल्यामुळे हातापायांत ताकद परत आली, शब्द मात्र आले नाहीत. पाणी हवं असायचं आणि तोंडून ‘चावी’ निघायचं. पुस्तक समोर धरलं की अक्षरं ओळखीच्या माणसांसारखी उभी राहायची, पण एकाचंही नाव जिभेवर येत नसे.

घरी आल्यावर तीन दिवस पुस्तक कपाटातच राहिलं. चौथ्या दिवशी वेणूने ते काढलं, चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला लागली. दुसऱ्याच ओळीत चूक झाली. शैलेशला टोकायचं होतं, पण सांगणार कसं? त्याने टेबलावर हात आपटला. वेणू थांबली.

“चुकलं ते माला कलतं,” ती शांतपणे म्हणाली. “पन वाचन बंद नाय पडनार.”

आणि ती पुढे वाचत गेली. शैलेश भिंतीकडे तोंड करून बसला. सुरुवातीचे बरेच दिवस तो तिच्या चुकाच मोजत होता. मग इयोबाची गोष्ट आली. सगळं हिरावलेला तो माणूस राखेत बसून देवाशी भांडतो, तिथे वेणूचा आवाज भरून आला आणि तिला थांबावं लागलं. हा भाग शैलेशने दहाएक वेळा वाचला असेल, एकदाही न अडखळता. त्या दिवशी तो त्याला पहिल्यांदा ऐकू आला. त्याने खुर्ची वळवून तिच्यासमोर घेतली.

जुलैत एकशे तिसरं स्तोत्र आलं, देवाचे उपकार विसरू नकोस असं स्वतःच्याच जिवाला बजावणारं. वाचून झालं, वेणू चहा टाकायला उठली आणि सहज गुणगुणू लागली. चाल शैलेशच्या आजीची, जनीची होती. जनी मिठागरावर राबायची. तिला अक्षर येत नव्हतं. मुलगा वाचायचा ते स्तोत्र ऐकून ऐकून तिने मीठ ओढणाऱ्या बायकांच्या चालीवर बसवलं होतं, तेही आपल्या शब्दांत. मास्तरांना ते पसंत नव्हतं. स्तोत्रात मीठ कुठून आलं, असं ते म्हणायचे, म्हणून पाहुण्यांसमोर जनी गप्प राहायची. शैलेशनेही बाहेर कधी तिचं नाव काढलं नाही. तिच्या शेवटच्या आजारपणात सेवा करणाऱ्या नव्या सुनेने, वेणूने, ते गाणं तेवढं उचललं.

“जीवा माज्या, गा रं त्याला, उपकार त्याचा इसरू नको,” वेणू गात होती. पुढची ओळ तिच्या पाठीमागून आली.

“खाऱ्या पान्याचा मीठ केला, जीवा माज्या, इसरू नको.”

शब्द सगळे जागेवर होते. वेणूच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. शैलेश स्वतःच तिच्यापेक्षा जास्त दचकला होता. तिने पुन्हा सुरुवात केली, त्याने पुन्हा पूर्ण केलं. त्या दिवशी चहाला दहा वाजले.

त्याला बोलायला शिकवणाऱ्या रोशनीला हे कळलं तेव्हा ती खूश झाली. बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची पुष्कळदा उघडी राहते, तिथूनच आत शिरू, असं ती म्हणाली. मग तसंच सुरू झालं. आधी ओळ गायची, मग अर्धी गायची नि अर्धी बोलायची, मग नुसती बोलायची. कधी आठवडाभर एकच ओळ चाले. गणपती गेले, दिवाळी आली, आणि एका सकाळी पुस्तक मिटताना शैलेश सावकाश, पण सरळ म्हणाला, “वेणू, उद्या पण तूच वाच.”

वेणूने चष्मा काढून पदराने पुसला. बराच वेळ पुसत होती.

नोव्हेंबरात मंडळीत देवाचे आभार मानण्याची, उपकारस्तुतीची भक्ती होती. शैलेशने स्वतःहून चर्चच्या पाळकसाहेबांकडे शास्त्रपाठ मागितला. अंकिता घाबरली, घरीच रेकॉर्ड करून तिथे लावू या, असं तिने सुचवलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

सभागृह भरलेलं होतं. शैलेश उभा राहिला आणि तेच स्तोत्र वाचू लागला. एकेक शब्द पायरीसारखा चढत होता. चार वचनं झाली आणि पाचव्याला तो अडला. पूर्वीचा शैलेश लाजेने मेला असता. आताच्या शैलेशने डोळे मिटले, तळहाताने ताल धरला, ती ओळ जनीच्या चालीत गायली आणि पुढचं वाचन पुन्हा बोलत पुरं केलं. मग तो जागेवर जाईना.

“ही चाल माझ्या आजीची,” तो म्हणाला. “नाव जनी. मिठागरावर होती. वाचता येत नव्हतं. तिनेच मला पुन्हा वाचायला शिकवलं.”

त्याने वेणूकडे हात केला. ती पुढे आली, पदर सावरला आणि जनीच्या शब्दांत, जनीच्याच बोलीत गाणं सुरू केलं. शैलेशने सूर मिळवला. मागच्या बाकांवरच्या उरणकडच्या म्हाताऱ्या बायकांनी ती मिठागराची चाल लगेच ओळखली आणि टाळ्यांचा ठेका धरला. बघता बघता अख्खी मंडळी उभी राहिली. ‘खाऱ्या पान्याचा मीठ केला’ ही ओळ लोकांनी पुन्हा पुन्हा घेतली. अंकिता मोबाईल हातात धरून रडत गात होती, रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं राहूनच गेलं. पाळकसाहेब प्रार्थनेसाठी दोनदा पुढे आले, आणि दोन्ही वेळा हसून मागे सरले.