जमा कोणत्या हाताला

मुलांनो, माझ्याबरोबर जरा कल्पना करा. एक बैठं मेज आहे. त्याच्यावर एक लांब वही उघडून ठेवलीय. मेजाच्या अलीकडे तुमचे वडील मांडी घालून बसलेत आणि पलीकडे तुम्ही. वही एकच आणि तिचं तोंड वडिलांकडे. मग तुम्हाला अक्षरं कशी दिसतील? उलटी. पहिल्या दिवशी काही लागणार नाही. पण रोज सकाळी असंच बसलात, तर महिन्याभरात उलटं वाचता येऊ लागेल. खोटं वाटत असेल तर करून बघा.

शरयूला तसं वाचता यायचं. ती सहावीत होती, जालन्यात मस्तगडाला राहायची. घरात लिहिण्याचं मेज एकच, म्हणून सकाळी एका बाजूला तिचे वडील लिहायचे आणि दुसऱ्या बाजूला ती शाळेचा अभ्यास करायची. वडिलांचं नाव गिरिधर. पंचवीस वर्षं ते कापसाच्या एका अडतीवर मुनीम होते, म्हणजे दुकानाचा सगळा हिशेब त्यांच्या हातात. एकोणीसशे अठ्ठावन्नच्या दसऱ्याला मालकांनी अडत बंद केली आणि गिरिधर घरी बसले.

खरेदी-विक्री संघात हिशेबनिसाची जागा होती. तिथले सेक्रेटरी काकासाहेब त्यांना ओळखत होते.

"गिरिधरपंत, तुमच्या हाताबद्दल शंका न्हाई," ते म्हणाले. "पण आता नियम आलाय. इंग्रजी पद्धतीच्या हिशेबाची पहिली परीक्षा पास झालेलाच माणूस पाहिजे. एप्रिलपर्यंत जागा धरून ठेवतो. पुढं माझ्या हातात न्हाई."

गावात या परीक्षेचा एकच वर्ग होता, जगन्नाथ मास्तरांचा. मास्तर कॉलेजात कॉमर्स शिकून आलेले, शिकवायचे मन लावून. गिरिधर चौकशीला गेले तेव्हा शरयूही हट्टानं बरोबर गेली. बाकांवर वीस-एक तरुण बसले होते.

मास्तरांनी अदबीनं खडू पुढे केला. "धावड्याच्या बद्रीनाथनं दोनशे चाळीस रुपयांचा कापूस आणून टाकला. आपण पैसे अजून दिले न्हाईत. मांडा बद्रीनाथचं खातं."

यात काय अवघड? गिरिधरांनी फळ्यावर मधोमध रेघ ओढली आणि डावीकडे लिहिलं, जमा, दोनशे चाळीस.

वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "मुनीमजी, फळा उलटा टांगला का आम्ही?"

गंमत अशी की आपल्या जुन्या वहीत माणसानं दिलेलं ते जमा आणि ते डाव्या हाताला. त्यानं नेलेलं ते नावे, उजव्या हाताला. इंग्रजी पद्धतीत शब्द तेच, पण बाजू बदललेल्या. नावे डावीकडे, जमा उजवीकडे.

"पंचवीस वर्षं तुमचा हात चुकीचं लिहून राह्यला," मास्तर म्हणाले. "आधी ते सगळं विसरायला लागेल. सहा महिने वर्गात बसा. घरी शिकून हे बिलकुल जमायचं न्हाई. घरी चूक दाखवणार कोण?"

"चुकीचं?" गिरिधर म्हणाले. "मास्तर, पंचवीस वर्षांत माझ्या वहीत एका पैचा फरक आला न्हाई. आमच्या अडतीवर कापूस घालायचा त्या बद्रीनाथला जाऊन विचारा. तुमच्या फळ्यावरच्या न्हाई, धावड्याच्या."

खडू जागेवर ठेवून ते खाली उतरले. वाटेत त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्या परीक्षेचं पुस्तक घेतलं.

रमाबाईंनी, म्हणजे शरयूच्या आईनं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरी जमतं म्हणून घरी शिकणार, का पोरांत बसायची लाज वाटती म्हणून?"

"दोन्ही," गिरिधर म्हणाले.

"मंग ठीक आहे. खरं बोललात तर नापास झालात तरी बोलणार न्हाई."

अभ्यास सुरू झाला. नियम त्यांना पहिल्याच दिवशी पाठ झाला, पण हाताला पाठांतर नसतं. डोकं म्हणायचं उजवीकडे आणि हात जायचा डावीकडे. पानंच्या पानं खोडाखोड झाली. ज्यांच्या वहीत कधी काट दिसली नव्हती, त्यांना स्वतःचं पान बघवेना. बाराव्या दिवशी त्यांनी वही मिटली.

"मास्तर बराबर बोलले व्हते," ते म्हणाले. "चूक दाखवणारं कोणी पाहिजे."

"अण्णा, वही उघडा," शरयू म्हणाली. "कालचं पान. काट मारायच्या आधी लिहिलं ते बघा."

त्यांनी उघडली.

"तुम्ही जमा डावीकडं लिहिलं ना? मला इथून ते उजवीकडं दिसून राह्यलं. पुस्तकातबी उजवीकडंच आहे. पुस्तकाला तुमचं चुकलं असं वाटत न्हाई, अण्णा. ते माझ्या बाजूला बसलंय."

गिरिधर उठले, मेजाला वळसा घालून आले आणि तिच्या शेजारी बसले. त्या बाजूला अडतीवर शेतकरी बसत. तिथून आपलं लिहिणं कसं दिसतं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बद्रीनाथला मात्र स्वतःचं खातं पंचवीस वर्षं असंच दिसत आलं होतं, जमा उजव्या हाताला.

"म्हणजे चुकीचं न्हाईच," ते हळूच म्हणाले.

"बिलकुल न्हाई. फक्त इकडं येऊन लिवायचं."

त्या दिवसापासून दोघांनी जागा बदलल्या. शरयू मुनिमाच्या जागेवर बसायची, पुस्तकातला प्रश्न वाचायची आणि गिरिधर पलीकडे बसून लिहायचे. हात चुकीच्या बाजूला वळला की ती नुसतं म्हणायची, "अण्णा, तुम्ही कुठं बसलात?" हात थांबायचा. महिन्याभरात तिला ते विचारावं लागेना.

सगळंच असं सुटलं असं नाही. यंत्राची किंमत दर वर्षी का कमी धरायची, तो घसाऱ्याचा धडा दोघांनाही चार दिवस कळला नाही. शेवटी गिरिधर जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या, कारखान्यात गेले आणि मिस्त्रीला विचारलं, यंत्राचा नवा पट्टा किती वर्षं चालतो? मिस्त्रीनं बोटं मोजून सांगितलं आणि घरी येईपर्यंत धडा समजला होता: दर वर्षी जेवढं झिजतं, तेवढी किंमत कमी धरायची. वर्गात तो अर्ध्या तासात कळला असता, हेही मी तुम्हाला सांगायला पाहिजे.

परीक्षेचे अर्ज मास्तरांकडेच मिळत आणि भरून पोस्टानं पाठवायचे असत. शेवटच्या तारखेला शरयूची शाळा सुटल्यावर दोघं तिकडे गेले. मास्तरांनी गिरिधरांची वही मागून घेतली आणि पान पान तपासली. घसाऱ्याच्या एका उदाहरणात चूक निघाली. बाकी काही नाही.

"मानलं," ते म्हणाले. मग त्यांनी अर्जातल्या एका रकान्यावर बोट ठेवलं. तिथे छापलं होतं, 'तयारी कोणाकडे केली'. "इथं आमच्या वर्गाचं नाव टाका. दोन महिन्यांची फी भरा, यायचं काम न्हाई. रकाना रिकामा दिसला की परीक्षेच्या ऑफिसातला कारकून अर्ज बाजूला सारतो. मागच्या साली गावातल्या तिघांचे अर्ज असेच गेल्ते."

गिरिधरांच्या हातातला पेन थांबला. अर्ज बाजूला पडला की एप्रिल गेला. एप्रिल गेला की संघातली जागा गेली. शरयूला हे सगळं ठाऊक होतं.

"वर्गात एक दिवस न बसता वर्गाचं नाव?" गिरिधरांनी विचारलं.

"कोण बघायला येतं? तुमचंबी काम होतं, आमच्या पाटीवर एक पास वाढतो."

"मास्तर, जे आलंच न्हाई ते मी जमा धरत नसतो."

"मंग काय, रिकामा सोडता?"

"बद्रीनाथचं नाव टाका, मुनीमजी," बाकावरून आवाज आला आणि पोरं हसली.

गिरिधर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. रकान्याकडे बघत ते म्हणाले, "ज्यानं शिकवलं त्याचं नाव पाहिजे इथं. छापलंय तेच."

शरयूनं दप्तर खाली ठेवलं. वडिलांच्या हातातला पेन घेतला, अर्ज आपल्याकडे ओढला आणि त्या रकान्यात गोल, मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कु. शरयू गिरिधर, इयत्ता सहावी, मस्तगड, जालना'. बाकांवरचं हसणं थांबेपर्यंत तिनं शाईवर फुंकर घातली. मग पेन वडिलांच्या हातात परत देऊन म्हणाली, "खाली सही करा, अण्णा. जल्दी. पोस्ट बंद होईल."