बांधावरचा वाळा

फुलाबाईनं वाळ्याचा ठोंब दोन्ही हातांनी धरला आणि टाचा रोवून ओढला. गवत कसलं, घोरपडच मेली. सुटेना.

कळस गावच्या या उतारावर वर फुलाबाईचं रान, त्याखाली धाकट्या जावेचं, रंगूचं, आणि तळाला गावाचं तळं. जावाजावांच्या मध्ये हा बांध. पाच वर्षांमागं तळ्याचं पाणी हिरवंगार झालं, गुरं तोंड लावीनात. वरच्या रानांतली माती आणि खत पावसाबरोबर तळ्यात उतरतंय, हे सगळ्या गावाला कळलं. पण वाहती माती मुळांत अडावी म्हणून बांधावर वाळा लावला तो एकट्या रंगूनं. पाणी निवळलं. काल कृषी सहायकानं चावडीवर तिचं नाव घेतलं, वाळ्यात उभं करून फोटो काढला. थोरल्या जावेला कुणी बाजूला ये म्हटलंसुद्धा नाही. लग्न होऊन आली तेव्हा या रंगूला धड खुरपं धरता येत नव्हतं, आणि आता म्हणे हिचा आदर्श घ्या! कालपासून फुलाबाई नुसती जळत होती.

शिवाय दर पावसाळ्यानंतर आपल्या रानात हिची पावलं उमटलेली असतात, ते कुणी बघत नाही. बया बांध वर सरकवते, दुसरं काय! वाळा गेला की हिचा तोरा जाईल. तळ्याचं काय व्हायचं ते होवो.

ठोंब निघाला. मुळांत काळी, भुसभुशीत माती अडकली होती. फुलाबाई बघतच राहिली. रंगूचं रान तर चुनखडीचं, पांढरं. ही गाळाची माती होती. तात्याबांनी, तिच्या मालकांनी, देवाघरी जाण्याआधीच्या उन्हाळ्यात तळ्यातून ट्रॅक्टरनं आणून वरच्या रानात पसरलेली.

मागं चाहूल लागली. रंगू डोक्यावर रिकामं घमेलं घेऊन उभी होती. उपटलेला ठोंब तिनं पाहिला आणि मुळांतल्या मातीकडं बोट केलं.

"तुमचीच माती हाय, अक्का. हितं अडकती. मी दर साली वर न्हेऊन टाकते. तात्यांनी लई कष्टानं आणली हुती."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी बोलताय कुठं माझ्यासंगं?"

फुलाबाई खाली बसली. ठोंब खड्ड्यात ठेवून तिनं मुठीनं माती ठोकून ठोकून बसवली. जळायला एक निमित्त होतं, तेही या बाईनं ठेवलं नाही. मग उठून तिनं रंगूच्या डोक्यावरचं घमेलं ओढून घेतलं.

"माझ्या मालकांची माती हाय. तू निस्ती भरू लाग. वाहीन मी."