लिंबाआडचा उपग्रह

सणसरच्या दादासोनं केबलच्या धंद्यासाठी अंगणात डिशची छत्री रोवली, तेव्हा शेजारच्या भामाबाईचा लिंब छत्रीच्या वाटेत नव्हता. दोन पावसाळ्यांत लेकाचा असा वाढला की पडद्यावर नुसत्या मुंग्या! रविवारी मॅच, तीस घरांना वायरी गेलेल्या, आणि मॅच दिसली नाही तर गावकरी त्याच वायरींनी दादासोला खांबाला बांधणार. तो तडक म्हातारीकडं गेला.

"आजी, लिंब तोडू द्या. उपग्रह त्याच्यामागं आलाय."

"काय करतो त्यो तितं?"

"पृथ्वीभोवती फिरतो."

"फिरतो ना? मग यील की फिरत फिरत लिंबाच्या हिकडं! मेंढरं राखत जलम आभाळाखाली काढला, एका ध्रुवाबिगर जागंवर थांबलेलं कोण बघितलं न्हाय." मग ती लिंबाकडं बघत म्हणाली, "मेंढरं गेली, लिंब लावणारा म्हातारा गेला. आता लिंब बी पायजे व्हय तुला?"

दादासोला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त तो गोंधळला. म्हातारीचं काय चुकलं? फिरतो, तर हलत का नाही? आणि हलत नाही, तर फिरतो कसला? दोन दिवस तो टीव्हीपुढं बसून राहिला. उपग्रह काही लिंबाबाहेर आला नाही.

शनिवारी त्यानं शाळेतल्या मनिषाबाईंना गाठलं. बाईंनी त्याला आपल्याभोवती गोल फिरायला लावलं आणि स्वतः जागच्या जागी त्याच्याबरोबर वळत राहिल्या. "बघा, तुम्ही फिरताय, तरी माझ्या नाकासमोरच. पृथ्वी वळते त्याच चालीनं तोही फिरतो, तासाला अकरा हजार किलोमीटर. तसा तो सारखा पडतोच आहे, पण पुढं पळतोय म्हणून जमिनीला लागत नाही."

पडतोय, पळतोय आणि वर जागेवरच! दादासोला गरगरलं, ते फिरून की ऐकून, देव जाणे. कळलं ते आणि न कळलं ते, सगळं त्यानं तसंच भामाबाईपुढं ओतलं.

ती लिंबाला हात लावून उभी होती.

"एवढा पळतोय बिचारा, तुझ्या छत्रीपुढनं हलू नये म्हणून," ती म्हणाली. "आन् तुला छत्री धा पावलं सरकवता यीना व्हय रं?"

दादासो खाली मान घालून छत्री उपटायला पहार आणायला गेला.