डोंगराच्या वाटणीचं बेअरिंग

ब्रोमो ज्वालामुखीच्या कड्यावरच्या त्या वाडीत मोटारसायकलवाल्यांचा एक नेम होता. कसदाचा सण आला की चाकांची बेअरिंगं बदलायची. मग ती वाजोत, न वाजोत. काढलेलं बेअरिंग कांद्याच्या पातीच्या जुडीत बांधायचं आणि सणाच्या सकाळी ज्वालामुखीच्या तोंडात सोडायचं. कोबी, बटाटे, कोंबडी जाते तसंच हेही. वर्षभर काळ्या वाळूतून प्रवासी नेऊन पोट भरायचं, तर वाळूच्या मालकाला त्याची वाटणी नको?

कासियादीला वाटणी मान्य होती. चालतं बेअरिंग देणं तेवढं मान्य नव्हतं. उकडलेल्या बटाट्याची सालसुद्धा उजेडात धरून, जास्त तर निघाली नाही ना, हे बघणारा माणूस तो. त्याने पुढचं चाक उचलून फिरवलं, दोन्ही हातांनी धरून हलवलं. घरघर नाही, डुगडुग नाही. दुभती शेळी कोण सोडून देतं? स्पोक आवळून घ्यायचं निमित्त करून तो रोकीबच्या गॅरेजात गेला आणि भंगाराच्या डब्यातलं एक गंजकं बेअरिंग खिशात घालून आला. डोंगर काय उघडून बघणार होता?

घरी चुलीपाशी त्याची आई, म्हातारी तुम्पी, जुडी बांधत होती. बेअरिंग हातात येताच तिने ते अंगठ्याने फिरवलं. कर्र कर्र झालं.

"पोरा, यावर हिंडत होतास तू?"

"हो ना," कासियादी म्हणाला. खोटं एकदा बोललं की पुढचं आपोआप येतं. "म्हणून तर बदललं."

म्हातारीने बेअरिंग पातीत खोचलं. "मग यंदा मी येते. इतकी वर्षं आले नाही, ते गुडघ्यांचं नुसतं निमित्त होतं रे. त्या कड्याच्या उतारावर तुझा बाप पडला तेव्हापासून गाडीवर बसायचा धीरच होत नव्हता. आता नवं घातलंयस, तर बसते."

"बिनघोर बसा, आत्या," मिस्ती, त्याची बायको, भाजी परतता परतता म्हणाली. "तुमच्या लेकाने नवं काही विकत घेतलं म्हणजे आज डोंगर दोनदा धूर सोडणार."

सासू हसली, सून हसली. कासियादीने मक्याच्या भाताचा घास परत ताटात ठेवला. त्याला उतार दिसायला लागला: एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही, आणि पाठीला चिकटलेली म्हातारी, त्याच्या शब्दावर विसंबून डोळे मिटलेली. चाक ठणठणीत होतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण आतापर्यंत तो स्वतःच्याच जिवाचा हिशोब मांडत आला होता. यात आई धरली की बेरीज जुळेना.

जुडीतलं बेअरिंग हळूच काढून त्याने खिशात टाकलं आणि गाडी घेऊन थेट रोकीबकडे गेला.

"कांग," थोरल्या भावाला मारावी तशी हाक मारत तो म्हणाला, "दोन्ही चाकांची बेअरिंगं बदल. आणि हे तुझं घे."

रोकीबने गंजकं बेअरिंग उलटंपालटं केलं. "का? डोंगराला चोरीचा माल चालत नाही?"

"काम कर."

"सकाळी तर सांगत होतास, चाक ठणठणीत आहे."

"आत्ताही आहे."

पुढच्या चाकाच्या डाव्या बाजूचं बेअरिंग रोकीबने ठोकून बाहेर काढलं. टोच्याने त्याने वरचं रबरी सील उचकटलं. आत ग्रीस नव्हतंच. राखेची करडी खळ होती, थिजलेली. रॉकेलमध्ये धुतल्यावर छर्रे दिसले: देवी आलेल्या चेहऱ्यासारखे, खड्ड्याखड्ड्यांचे. त्यांना जागेवर धरणारी जाळी दोन ठिकाणी तुटलेली.

"हे वाजलं कसं नाही?" कासियादीचा आवाज बारीक झाला होता.

"तू सगळा वेळ वाळूत. तिथे चाकाचं गाऱ्हाणं कुणाला ऐकू जातंय? शिवाय या खळीनेच सगळं दाबून गप्प ठेवलं होतं. त्यात तुम्हाला प्रवाशांसाठी गाडी चकाचक हवी. जोराचा फवारा थेट चाकाच्या मधोमध. पाणी शिरतं, पाण्यासोबत हा शिरतो." त्याने हनुवटीने धुराकडे खूण केली.

कासियादीने ती करडी भुकटी बोटाच्या टोकावर घेतली. सुईचं टोक जाणार नाही अशा फटीतून डोंगर आत आला होता. न बोलता, न वाजता, तो रोज त्याच्याखालीच बसून पोलाद खात होता. आणि कासियादी वरून चाक फिरवून पाहत होता.

"कांग, वाजल्यावर बदलणारेही असतील ना?"

"असतात की. त्यांच्या गाड्या न्यायला त्यांच्या बायका येतात."

सणाच्या सकाळी सूर्य कासराभर वर आला होता. म्हातारी सारोंगमध्ये गुरफटून मागे बसली. उतारावर तिने त्याच्या कमरेला घट्ट मिठी मारली. मग अर्ध्या वाटेत मिठी सैल झाली, आणि खालचं वाळूचं मैदान उजळताना पाहून ती मोठमोठ्याने शेजाऱ्यांच्या कोबीला नावं ठेवू लागली. कासियादीने वेग आणखी कमी केला. आईचा सगळा भार हरभऱ्याएवढ्या छर्‍यांवर फिरत होता, आणि त्याला चाक पहिल्यांदाच जिवंत वाटत होतं.

ज्वालामुखीच्या तोंडाशी नेणाऱ्या शिडीच्या पायऱ्या त्याने तिला धरून चढवल्या. काठावर तिने जुडी त्याच्या हातात दिली. त्यात आता त्याच्याच चाकातलं बेअरिंग होतं.

खाली खोलात लोक वरून सोडलेल्या कोंबड्या आणि नोटा झेलायला जाळी पसरून उभे होते. जुडी त्यांच्यावरून गेली, धुरात शिरली. कासियादी काठाशी वाकून कान देऊन उभा राहिला.

"काय ऐकतोयस?" म्हातारीने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि त्याने हात जोडले.