माणूस खाली उतरला आहे

तिने 'माणूस खाली उतरला आ' एवढं टाइप केलं आणि बोट उचललं. शेवटचं अक्षर तसंच राहू दिलं. माणूस अजून वरच होता. दुपारी वारा सुटून एक फांदी तारांवर पडली होती आणि ती काढायला तो खांबावर चढला होता. तो खाली आला, वायरलेसवर तसं म्हणाला, की ते एक अक्षर मारायचं, बटण दाबायचं, आणि अर्ध्या शहराचे पंखे फिरू लागायचे.

वीज कंपनीच्या त्या कंट्रोल रूममधले सगळेच ऑपरेटर असं करायचे. पूर्वी लाइन चालू करताना पडद्यावर नुसता प्रश्न यायचा, 'खात्री आहे?' आणि खाली 'हो' आणि 'नाही'. दिवसभरात इतक्या वेळा 'हो' दाबावं लागायचं की प्रश्न वाचतो कोण? एकदा माणूस वर असताना 'हो' दाबलं गेलं. तो वाचला, पण डावा हात गेला. आता तो कंपनीच्या फाटकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहून घेतो. त्यानंतर 'हो' गेलं आणि हे वाक्य आलं. ते पुरतं आपल्या हाताने लिहिल्याशिवाय लाइन चालू व्हायची नाही, आणि दुसरीकडून उचलून चिकटवायला जावं तर संगणक ते घेत नव्हता.

पण माणसाच्या डोक्यापुढे संगणकाचं काय चालतं? थोड्याच दिवसांत युक्ती निघाली. माणूस वर असतानाच वाक्य लिहून टाकायचं, शेवटचं अक्षर तेवढं मागे ठेवायचं. मग ते पडद्यावर 'आ' वासून बसायचं. ही युक्ती तिचीच असं सगळे म्हणायचे, आणि तीही कधी नाही म्हणाली नव्हती. ते वाक्यच काढून टाका म्हणून साहेबांच्या मागे लागण्यातही तीच पुढे होती.

आज वर चढलेला लाइनमन तिचा नवरा होता. ह्यात नवं काही नव्हतं. नवऱ्याला चढवणारी आणि उतरवणारी बायको म्हणून तिची चेष्टा रोजचीच होती. वायरलेसवर त्याला 'अहो' म्हणायचं नाही, अशी साहेबांनी बंदी घातली होती, कारण बाकीचे लाइनमनही गमतीने 'ओ' द्यायचे. चढण्यापूर्वी तो म्हणाला होता, "कंट्रोल, लिहून ठेव. गेलो आणि आलो." मग वायरलेस खाली गाडीत ड्रायव्हरकडे देऊन तो वर गेला होता.

बॅगेतला फोन वाजला. शेजारच्या काकू होत्या.

"अगं, पोरीचं अंग तव्यासारखं तापलंय. शाळेतून आली ती निजलीच. त्यात लाइट नाही, घामाने भिजलीय नुसती. तू ये बाई लवकर."

तिच्या कामाची पाळी संपतच आली होती, आणि तेवढ्यात पुढच्या पाळीचे ऑपरेटर दारातून आत आले. ह्या गृहस्थांना सगळे गोगलगाय म्हणायचे. म्हणीतल्या गोगलगायीच्या पोटात निदान पाय तरी असतात, ह्यांच्या पोटात तेही नव्हते. डाळीतला खडा शोधावा तसं ते प्रत्येक अक्षर शोधायचे, एका बोटाने, चष्मा कपाळावर घेऊन.

"लिहून ठेवलंय," ती बॅग खांद्याला लावत म्हणाली. "पोरीला ताप आलाय, मी पळते."

"पळा पळा. पोरीकडे बघा आधी."

टेबलावरचे दोन्ही फोन एकदम वाजत होते. साहेब आपल्या खोलीतून ओरडत होते, "अहो, त्या लाइनचं काय झालं? लोक माझं डोकं खाताहेत!" ती जिन्यापर्यंत पोचली तेव्हा गोगलगाय खुर्ची पुढे ओढून घेत होते.

घरी आल्यावर तिने मुलीला औषध पाजलं, खिडक्या उघडल्या, कपाळावर ओली पट्टी ठेवली. काकू स्वयंपाकाचं बघायला आपल्या घरी गेल्या. मुलीने डोळे किलकिले केले.

"बाबा कुठेत?"

"लाइट आणायला गेलेत."

"वर चढलेत?"

"हो," ती म्हणाली आणि पट्टी पिळता पिळता थांबली.

आपण गोगलगायींना काय सांगितलं? लिहून ठेवलंय. आणि पुढे? पुढे पोरीचा ताप. वर माणूस आहे, असं म्हटलं का? म्हटलं असणारच. रोज म्हणतोच आपण. तिने डोळे मिटून ती खोली पुन्हा समोर आणली. फोन वाजत होते, साहेब ओरडत होते, तिचा हात बॅगेच्या पट्ट्यावर होता. 'लिहून ठेवलंय' हे तिला स्वतःच्या आवाजात स्पष्ट ऐकू आलं. दुसरं काहीच ऐकू येईना.

तिने कंट्रोल रूमला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लाइट गेली की हा फोन लागत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? नेहमी पलीकडे बसून लोकांच्या शिव्या खाणारी तीच तर होती. साहेबांचा फोनही तसाच. नवऱ्याचा फोन वाजत राहिला. तो गाडीतल्या डब्यात असतो, चढताना बरोबर नेत नाहीत. गोगलगायींचा नंबर तिच्याकडे नव्हता. इतकी वर्षं एकाच खुर्चीत आळीपाळीने बसून तिला तो कधी लागला नव्हता. वाक्यात एक अक्षर उरलं होतं, पुढे बसलेला भोळा माणूस होता आणि मागे साहेब होते.

आणि पंखा फिरला.

आतल्या खोलीत फ्रिज हादरून सुरू झाला. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी टीव्ही मोठ्याने बोलायला लागला, गल्लीत पोरांनी आरडाओरडा केला. मुलीने पडल्या पडल्या दोन्ही हात पांघरुणाबाहेर काढले आणि हळूच टाळी वाजवली.

"आई, बाबांनी लाइट आणली!"

तिच्या अंगाला पंख्याचा वारा लागला आणि सर्रकन काटा आला. ती उठली आणि तिने पंखा बंद केला. एक पंखा बंद करून तारेतली वीज जात नाही, हे तिला न कळण्यासारखं नव्हतं, तरी बोट बटणावरून निघेना.

"का बंद केलास? मला उकडतंय."

तिने पंखा परत लावला. नवऱ्याचा फोन अजून वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. उचलला आणि ड्रायव्हरच बोलला तर? ही भीती मनात आली तशी तिने फोन कापला. मग भिऊन पुन्हा लावला. असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी तिने काकूंना हाक मारली, मुलीपाशी बसवलं आणि चपला घातल्या. कुठे जायचं हे ठरलं नव्हतं. खांबाकडे जावं तर काय दिसेल, हा विचार तिने अर्ध्यातच सोडून दिला.

जिन्यात बूट वाजले. नवरा एकेक पायरी चढत येत होता, डोक्यात पालापाचोळा, शर्ट घामाने चिकटलेला.

"कुठे निघालीस? कंट्रोलवरून कळलं तापाचं. पोरगी कशी आहे?"

ती त्याच्या हातांकडे बघत होती. आधी डाव्या, मग उजव्या.

"फोन का उचलला नाहीत?"

"गाडी धावत होती, डब्यात काय ऐकू येतंय? आणि आधी त्या गोगलगायीने छळलं. मी खाली उतरून बोंबलतोय, आलो खाली, आलो खाली, आणि हे आपले टाइप करताहेत. म्हटलं, अहो, माझ्या बायकोने लिहून ठेवलं होतं ना, एक अक्षर तर मारायचं होतं! तर म्हणतात, ते पुसलं. बोल आता."

"लाइन चालू झाली तेव्हा तुम्ही खाली होतात?"

"मग काय वर लटकलो होतो?" तो हसला आणि बूट काढायला वाकला. ती दाराला धरून उभी राहिली. पायातल्या चपला काढायचं तिला बराच वेळ सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीचा ताप उतरला. पाळी बदलताना तिने गोगलगायींना गाठलं.

"काल ते वाक्य तुम्ही पुसलंत?"

"पुसलं हो. राग नका मानू." ते चष्मा पुसत होते, वर बघत नव्हते. "मला मधूनच सुरू करता येत नाही. शाळेत पाढा मध्येच विचारला की असंच व्हायचं, पहिल्यापासून म्हणावा लागायचा. 'माणूस'पासून निघालो तरच बोटाला पुढचं सापडतं."

"मग?"

"मग 'खाली'पर्यंत आलो आणि मनात आलं, खाली? पण मला कुणी सांगितलं खाली म्हणून? तुम्ही तर घाईत होतात. म्हणून ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, अजून वरच आहेत." त्यांनी इकडे तिकडे पाहून आवाज खाली आणला. "हे साहेबांना सांगू नका हं. म्हणतील, ह्या माणसाला एक अक्षर मारायला एवढा वेळ लागतो."

तेवढ्यात साहेबच हसत आत आले.

"ताई, तोंड गोड करा! तुमचं काम झालं. ते वाक्य गेलं एकदाचं. उद्यापासून पहिल्यासारखं 'हो'."

"सुटलो बुवा," गोगलगाय म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

"साहेब," ती म्हणाली, "राहू दे ना ते."

"राहू दे? अहो, तुम्ही माझा पिच्छा पुरवलात, मी वरच्यांचा पुरवला. आता राहू दे? का, झालं काय?"

गोगलगाय तिच्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, ती त्यांच्या स्वतःसाठी. तिला स्वतःची भीती त्याहून मोठी वाटली. काय झालं ते सांगायचं तर आपण काय केलं तेही सांगावं लागणार होतं, आणि ते उद्या नवऱ्याच्या कानावर जाणार होतं.

"काही नाही," ती म्हणाली.

पुढे एका संध्याकाळी त्याच लाइनवर काम निघालं. नवरा चढला. ती पडद्यासमोर बसून राहिली. पडदा रिकामा होता, लिहून ठेवायला काही नव्हतं. बऱ्याच वेळाने वायरलेस खरखरला.

"खाली आलो, कंट्रोल."

पडद्यावर आलं, 'खात्री आहे?' आणि खाली 'हो'. तिने कीबोर्ड जवळ ओढला. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, ती पहिल्यापासून दाबू लागली. माणूस. पडद्यावर काही उमटत नव्हतं. खाली. इथे ती थांबली, त्याचा आवाज तिने मनात पुन्हा एकदा ऐकला, मग पुढे निघाली.

"अगं, झोपलीस का? खाली आलोय म्हटलं! लोक खोळंबलेत."

"अहो, थांबा जरा," ती म्हणाली. "लिहितेय."