गळ्यापासून उसवायचं

सुन्वाच्या नवऱ्याचा, ट्रोन्दुरचा, फोन आला तो स्वेटरसाठी.

ईस्टरनंतर वेल्डिंगचं काम आहे म्हणून बेट सोडून डेन्मार्कला गेला तो तिथेच रमला. उन्हाळाभर आवाज नाही की निरोप नाही. आता तिकडे ऑलबोर्ग शहरात गारठा सुरू झाला तशी त्याला घराची आठवण झाली, म्हणजे पेटीतल्या स्वेटरची.

"आईनं विणलेला तो तपकिरी गं, पांढऱ्या नक्षीचा. तेवढा पोस्टानं पाठव. इथे सगळ्यांना बघायचाय."

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?" सुन्वाने विचारलं.

पलीकडे त्याच्या मागे एक बाई हसली. सुन्वाने फोन ठेवला आणि मग तिच्या लक्षात आलं, बिरिता कशी आहे एवढंसुद्धा त्याने विचारलं नव्हतं.

बिरिता टेबलाखाली बसून मांजरीला मोजा घालत होती. चार वर्षांची पोर, पावसाळी गवतासारखी वाढत होती. तिच्या स्वेटरच्या कोपरांना ठिगळं होती, मनगटाच्या पट्ट्या दोनदा वाढवून झाल्या होत्या, एकदा करड्या लोकरीने आणि एकदा सुन्वाच्या जुन्या टोपीच्या निळ्या. तरीही बाह्या अर्ध्या हातावरच संपत. बालवाडीतून येईपर्यंत मनगटं वाऱ्याने लाल होत. रोज संध्याकाळी सुन्वा त्यांना चरबीचं मलम चोळायची, फुंकर घालायची आणि चोळता चोळता मनातल्या मनात एका माणसाला शिव्या घालायची. या वर्षी लोकरही आली नव्हती. गावच्या मेंढ्यांतला वाटा त्याच्या नावावर, आणि सह्या करायला साहेब हजर नव्हते.

तिने पेटी उघडली. स्वेटर जाड, जड, आणि अजून थोडा तेलकट. त्याला त्याचा वास होता. तोच वास तिला नको झाला. घेराला एक धागा लोंबत होता, झिजून सुटलेला. तिने तो बोटाला गुंडाळला आणि ओढला.

सुटला नाही. तिने आणखी जोर लावला. टाका आवळला, आवळून गाठ झाली. तिने कात्री घेतली आणि घेराची पट्टी सरळ कापून टाकली. मग वरचा धागा ओढला, तो वीतभर आला आणि अडकला. तिने तोडला. दुसरा ओढला, तोही तुटला. तपकिरीत पांढरा गुंतला, पांढऱ्यात तपकिरी. टेबलावर तुकड्यांचा ढीग वाढत गेला तसा तिचा राग कमी होण्याऐवजी वाढतच गेला.

तेवढ्यात दार उघडलं. एल्स्पा दार वाजवून कधी येतच नसे. समोरच्याच घरात राहणारी सासू, मुलगा निघून गेला तरी रोज बटाटे किंवा रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा घेऊन येणारी. आज तिच्या हातात रिकामं खोकं होतं आणि खांद्याला विणकामाची पिशवी.

"फोन आला होता मला," ती बूट काढता काढता म्हणाली. "म्हणाला, तू फोन आदळलास. म्हटलं, मीच नेते पोस्टात. कुठाय तो..."

तिची नजर टेबलावरच्या ढिगावर पडली.

"हे काय केलंस?"

"बिरिताला स्वेटर करतेय."

"तो माझ्या मुलाचा आहे!"

"आणि ही कुणाची आहे? मी रस्त्यावरून उचलून आणली?"

"मी एक अख्खा हिवाळा विणत होते तो, सुन्वा. डोळे गेले माझे त्या नक्षीत."

"मग दे पाठवून! त्या बाईला घालून दाखवू दे. 'बघ, माझ्या आईनं विणलाय.' पोरीच्या मनगटांचं काय ते मी बघते, नेहमीसारखं."

"आवाज चढवू नकोस माझ्यावर."

"चढवीन. तू त्याला फोनवर काय म्हणालीस, ओम्मा? पोरगी कशी आहे ते विचार म्हणालीस? की नुसतं पोस्टाचं बोललीस?"

बिरिता तिला ओम्मा, आजी, म्हणायची म्हणून सुन्वाही म्हणत आली होती. एल्स्पाने खोकं खुर्चीवर ठेवलं.

"तो पोटचा आहे माझा," ती हळू म्हणाली. "थंडीत कुडकुडतोय म्हणाला, तर आई काय करेल?"

"मग माझी पोर कुडकुडते तेव्हा तिची आई काय करेल, एल्स्पा?"

नावाने हाक मारली होती तिने, पहिल्यांदाच. दोघींनाही ते कळलं. सुन्वाने नजर हटवली नाही. उलट पुन्हा एक धागा पकडला, सासूच्या डोळ्यांत बघत ओढला आणि तो पुन्हा तुटला. एल्स्पा अशी शहारली, जणू तिच्याच अंगाचं काही ओढलं गेलं होतं.

टेबलाखालून बिरिता बाहेर आली. मोजा घातलेली मांजर तिने काखेत धरली होती.

"आई, हा बाबाचा आहे. बाबाला थंडी वाजेल ना?"

सुन्वाच्या तोंडाशी आलेला एकही शब्द पोरीसमोर बोलता येण्यासारखा नव्हता. चुलीवरच्या बटाट्यांचं पाणी उतू जाऊन सू-सू करू लागलं. कुणी उठलं नाही.

एल्स्पा नातीकडे बघत होती. मांजर धरायला हात पुढे आल्यामुळे बाह्या आणखीच वर सरकल्या होत्या. लाल, तडकलेली मनगटं, आणि त्यांच्यावर निळी लोकर आणि करडी लोकर, ठिगळावर ठिगळ.

"वाजू दे," एल्स्पा म्हणाली.

"काय?"

"वाजू दे म्हटलं. त्याला हात आहेत, पगार आहे. दुकानं आहेत तिकडे." मग ती सुन्वाकडे वळली आणि तिचा आवाज एकदम चढला. "पण हे असं? असं उसवतात? कुणी शिकवलं तुला? खालून ओढतात का कधी! लोकर जिथे संपवलेली असते तिथून सुटते, जिथून सुरू केली तिथून नाही. हे लहान पोरालाही माहीत असतं!"

"मला माहीत आहे."

"माहीत असतं तर घेर कापला असतास? एवढी लोकर वाया घालवलीस! रागात माणूस काय वाट्टेल ते करतं, पण लोकरीनं काय घोडं मारलंय तुझं?"

तिने स्वेटर हिसकावला आणि उलटा केला. गळ्याच्या आतल्या बाजूला, अगदी न बघता, तिचं बोट एका टाक्यावर थांबलं. तो तिनेच एकदा, मुलाच्या मापाला, शेवटचा म्हणून बांधला होता. मग कात्रीचं टोक घालून तिने तो कापला.

"बस समोर. दोन रंग आहेत, एका माणसाचं काम नाही. तू पांढरा गुंडाळ, मी तपकिरी. आणि ओढू नकोस, मी सोडीन तेवढाच घे."

सुन्वा बसली. रागातच बसली. पण धागा हातात आला आणि सुटत गेला, ओळीमागून ओळ, न तुटता. गळा गेला, खांद्यावरच्या नक्षीतले तारे गेले. मग मनगटांकडून एकेक बाही सुटली. लोकर नागमोडी सुटत होती, प्रत्येक टाक्याचं वळण तिच्यात तसंच राहिलेलं.

"धुवून वजन बांधून टांगायची," एल्स्पा म्हणाली. "म्हणजे सरळ होते."

"मला माहीत आहे."

"तुला सगळंच माहीत आहे."

थोड्या वेळाने एल्स्पा धाग्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मी विचारलं होतं त्याला. पोरगी कशी आहे ते विचारलंस का, म्हणून. म्हणाला, आई, आता नको, इथे माणसं आहेत." लोकरीचा गुंडा तिच्या हातात जोरात फिरत होता. "माणसं आहेत म्हणे. गाढव."

शिवी सुन्वाच्या मनातली होती. दुसऱ्याच्या तोंडून ऐकून तिला बरं वाटलं नाही. मोकळं मात्र वाटलं.

फोन वाजला. पडद्यावर ट्रोन्दुर. सुन्वाचे दोन्ही हात पांढऱ्या गुंड्यात होते. एल्स्पाने आपला गुंडा मांडीवर ठेवला आणि फोन उचलून कानाशी धरला.

"हो. मीच. हो, खोकं आणलंय... भरतेय ना... हो, उद्या टाकते. बिरिता?" तिने नातीकडे बघितलं. "बिरिताला तू स्वतः फोन कर. माझ्याकडून बातम्या घेऊ नकोस."

तिने फोन ठेवला आणि टेबलावरचा गुंता दोन्ही हातांनी गोळा केला: कापलेला घेर, तुटके तुकडे, गाठी. सगळं खोक्यात घातलं. मग आपल्या पिशवीतून विणकामाच्या दोन सुया काढल्या, वर ठेवल्या आणि झाकण दाबलं.

सुन्वा बघतच राहिली. "हे पाठवणार?"

"लोकर म्हणजे लोकर. त्याचा आजोबा होडीत बसून स्वतःचे मोजे विणायचा."

सुन्वाला हसू आलं. ते तिने गिळलं, कारण राग अजून होता आणि तो तिला इतक्यात सोडायचा नव्हता. एल्स्पाने ते पाहिलं असावं. नातीला जवळ ओढून ती तिचा हात खांद्यापासून बोटांपर्यंत वितीने मोजू लागली.

"बाह्या खांद्याकडून खाली विण. म्हणजे पुढच्या वर्षी मनगटापासून सोडून वाढवता येतील."

"माहीत आहे मला."

"आणि चार बोटं जास्त धर."

"दोन पुरेत."

"चार," एल्स्पा म्हणाली, आणि बिरिताच्या लाल मनगटावर अंगठा ठेवून तिथून पुढे मोजलं.